रहांगडाले काकांचं पातळ तेल

डॉक्टर मला म्हणाले होते, आठवड्यातून एकदा कुठंतरी शांत बसत जा, प्रेशर उतरेल. त्यांच्या मनात देऊळ असावं. मी सिविक सेंटरच्या बाजारात गेलो आणि रील लावलेली गळाची काठी घेऊन घरी आलो. बायकोनं काठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मासे साफ कोण करणार एवढंच विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ पुढं दोन वर्षं आली नाही.

भिलाईच्या आमच्या टाउनशिपच्या पाठीमागं जो टँक, म्हणजे तलाव आहे त्याच्या काठावर रविवारी सकाळी सात-आठ जण गळ टाकून बसायचे. बहुतेक स्टील प्लँटमधले, काही रिटायर झालेले. मीही त्यांच्यात जाऊन बसलो. पहिल्याच महिन्यात काठीसकट रील चिखलात पाडलं आणि ते करकरायला लागलं. घरी तेल शोधलं, तर आरशापुढं खोबरेलची बाटली होती. ओतलं अर्धं झाकण. रील असं गुळगुळीत फिरायला लागलं की त्या आनंदात मी काठावरच्या तिघांना हा उपाय सांगितला, आणि त्यातल्या दोघांनी तो केला. ही सप्टेंबरातली गोष्ट. डिसेंबरच्या पहिल्या थंडीत आम्हा तिघांची रिलं एकाच सकाळी गोठली. बाकीचे गळ टाकत होते आणि आम्ही तिघं आपापलं रील काखेत धरून त्याला ऊब देत बसलो होतो.

शेवटी कोक ओव्हनमधला साहू म्हणाला, "सेक्टर सिक्स चले जाओ, रहांगडालेजी के पास. मछली खाते नहीं, पकड़ते नहीं, पर रील उनके जैसा कोई नहीं खोलता."

उरलेल्या दोघांनी मला पुढं घातलं, गुन्हा माझा म्हणून.

काकांचं क्वार्टर खालच्या मजल्यावर होतं. पोर्चमध्ये चार प्लास्टिकच्या खुर्च्या, दवाखान्यात मांडतात तशा ओळीनं. त्यांच्या समोर एक ठेंगणा पाट, पाटावर पसरलेलं वर्तमानपत्र, त्यावर पांढरी इनॅमलची ताटली. आणि पाटामागं मांडी घातलेला एक काटकुळा माणूस. अंगात खिशाचं बनियन, खाली प्लँटच्या जुन्या युनिफॉर्मची खाकी पँट, चष्म्याच्या काड्यांना मागून दोरी बांधलेली. त्यांनी नाव विचारलं नाही. विचारलं ते असं, "कोन्तं डिपार्टमेंट?"

मी म्हणालो, टाइम ऑफिस, हजेरीचं.

झालं, तेव्हापासून माझं नाव टाइम ऑफिस. साहूचं नाव कोक ओव्हन. एक वयस्कर साहेब यायचे, जनरल मॅनेजर होऊन रिटायर झालेले, त्यांना काका समोरासमोर 'काय म्हणते ब्लास्ट फर्नेस' असं विचारायचे, आणि ज्यांच्यासमोर आम्ही एकेकाळी उभेसुद्धा राहिलो नसतो ते साहेब निमूटपणे आपलं दुखणं सांगायचे, म्हणजे रीलचं.

काकांनी माझं रील हातात घेतलं. फिरवून पाहिलं नाही. नाकाशी नेलं.

"हे तं डोक्याले लावाचं तेल हाय."

मी खाली पाहिलं.

"मंग? केस आले का याले?"

त्यांचा चेहरा तेव्हा हसत नव्हता. काकांचं हसू चेहऱ्यावर येतच नसे, ते खांद्यात येई. खांदे दोनदा वर-खाली झाले की समजायचं, काका हसले.

ते रील उघडायचे ते पाहायला माणसं खुर्च्या पुढं ओढत. बाजूचं झाकण निघायचं, मग एकेक भाग ताटलीत ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं, डावीकडून उजवीकडे. सगळ्यात शेवटी बेअरिंग. करंगळीच्या नखाएवढं. त्याच्या तोंडावर एक पातळ झाकणी आणि ती धरून ठेवणारी तारेची रिंग, केसाहून थोडी जाड. ती रिंग काका सुईच्या टोकानं उचलायचे आणि दुसऱ्या हाताचा पंजा वर झाकण धरल्यासारखा धरायचे, कारण ती रिंग उडते. मग बेअरिंग होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत जायचं, वरून थोडं पेट्रोल, बूच, आणि बाटली हातात घेऊन खुळखुळा हलवावा तशी हलवायची. पेट्रोल काळं झालं की टाकायचं, दुसरं भरायचं. तीन पाण्यांनी धुतात तसं तीन पेट्रोलांनी.

"आता भिजू दे," म्हणायचे आणि बाटली बाजूला ठेवायचे.

या भिजण्याला किती वेळ लागतो हे मला कधी कळलं नाही. कधी पाऊण तास, कधी दीड तास. बेअरिंग किती मळलं आहे यावर ते अवलंबून असावं अशी माझी समजूत होती. तेवढ्यात चहा व्हायचा. काका स्वतः करत. काकू जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. आत काकूंचं शिलाई मशीन होतं, त्याची तेलाची कुप्पी तेवढी बाहेर आलेली, तीच काका रिलांना वापरत. भिजून झालं की बेअरिंग कागदावर वाळवायचं, खराट्याच्या काडीत ओवायचं, सुईच्या टोकावर कुप्पीतल्या तेलाचा एक थेंब घेऊन आतल्या बारीक छर्ऱ्यांवर सोडायचा, आणि बोटानं टिचकी मारून कानाशी न्यायचं. पोर्चमध्ये त्या वेळी कोणी बोलत नसे. काका डोळे मिटून ऐकत. आवाज पटला की 'हां' म्हणत. नाही पटला तर पुन्हा पेट्रोल, पुन्हा 'भिजू दे', पुन्हा चहा.

तेल पातळच. ग्रीस त्यांनी बेअरिंगला कधी लावलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, पातळ तेलात बेअरिंग बोलते. मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते टाइम ऑफिसमध्ये आठ दिवस सगळ्यांना ऐकवत होतो.

कानाचा त्यांना अभिमान होता. मूळचे गोंदियाकडचे, धानाच्या शेतीतले. विसाव्या वर्षी आपल्या चुलत्याच्या मागं भिलाईला आले आणि प्लँटच्या मिलमध्ये बेअरिंगच्या तेलपाण्याच्या कामाला लागले. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतला आवाज ऐकायचा. हे सांगताना ते एक गोष्ट कधी चुकवत नसत, आणि ती त्यांच्या फजितीची होती. एका सेकंड शिफ्टला त्यांना एका मोटरमध्ये बारीक किरकिर ऐकू आली. इंजिनियरला काही ऐकू येईना. काका हटून बसले, मोटर बंद करायला लावली. झाकण काढलं, तर आत रातकिडा.

"साहेब म्हणे, रहांगडाले, याले ग्रीस लावू का तेल?" आणि खांदे दोनदा वर-खाली.

त्यानंतर वर्षभर मिलमध्ये त्यांचं नाव रातकिडा होतं. पण एवढं सांगून झाल्यावर ते दर वेळी पुढचं वाक्य जोडत, "आवाज होता ना पण?"

रविवारी अकराच्या सुमारास पुण्याहून मुलाचा फोन येई. मुलाचं म्हणणं सगळ्यांना माहीत झालं होतं, कारण काका फोन स्पीकरवर ठेवून हात चालू ठेवत. बाबा, एकटे राहता, पडलात-बिडलात तर कोणाला कळणार, क्वार्टर सोडा आणि इकडं या. काका त्याच्याशी वाद घालत नसत. बेअरिंगकडे पाहत म्हणत, "लोकं बसले हायेत रे. नंतर कर." आणि आम्ही चौघं खुर्च्यांवर, आपण खरोखरच कोणी आहोत अशा थाटात ताठ बसत असू.

एकदा ब्लास्ट फर्नेस साहेबांच्या रीलची रिंग उडाली. काकांचा पंजा वर होता, तरी उडाली. अलीकडे त्यांची बोटं किंचित थरथरायला लागली होती. झालं, साहेबांसकट चार मोठी माणसं पोर्चमध्ये गुडघ्यांवर. साहू चटई झटकून पाहतोय, साहेब फरशीला गाल लावून कुंडीखाली डोकावताहेत, मी कुंडी उचलून ती साहेबांच्या बोटांवर ठेवली तो वेगळाच गोंधळ. काका दोरीला बांधलेलं लोहचुंबक फरशीवरून फिरवत होते. तास झाला. चहा दोनदा झाला. साहेबांनी प्लँटमधल्या जुन्या गोष्टी काढल्या, साहूनं साहेबांची नक्कल साहेबांसमोर करून दाखवली. मग एकदम काका म्हणाले, सापडली.

मी त्यांच्या अगदी शेजारी होतो. रिंग त्यांनी चुंबकावरून काढली नव्हती. बनियनच्या खिशातून काढली होती. मला वाटलं, म्हाताऱ्यानं आमची गंमत केली. मी डोळा मारला. त्यांनी मला पाहिलंच नाही असं केलं.

आता माझा पराक्रम.

त्यांच्या थरथरत्या बोटांनी माझ्या मनात दया निर्माण केली, आणि माझ्या मनात दया निर्माण झाली की कोणाचं तरी नुकसान ठरलेलं असतं. मी मोबाईलवर व्हिडिओ पाहायला लागलो. एका व्हिडिओत सांगितलं होतं की बेअरिंगला रीलसाठी मिळतं ते खास ग्रीस लावलं तर वर्षभर उघडायची गरज नाही. गळ फेकला की तार थोडी कमी लांब जाते, एवढंच. मी ट्यूब मागवली. ट्यूब आल्यावर पुढच्या रविवारी टँकच्या काठावरच दुकान मांडलं. साहूचं रील, माझं, साहेबांचं, आणखी चार-पाच. काकांचं पाहून पाहून मला उघडता येत होतंच. दोन रिंगा उडाल्या, एक सापडली, दुसरीचं मी कोणाला सांगितलंच नाही. पण ग्रीस सगळ्यांना भरलं. साहेब म्हणाले, वेरी गुड, आता त्या बिचाऱ्याला त्रास नको. मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की खोबरेलच्या वेळी वाटलं होतं ते आठवायला हवं होतं.

रिलं चालली. एक महिना, दोन महिने, चार महिने. कोणाचं करकरेना. घरी वरचा मजला बांधायला काढला होता, त्यामुळे माझंही सेक्टर ६ कडे जाणं झालं नाही. शेवटी एका रविवारी वाटलं, आपण काकांचे एवढे कष्ट वाचवले ते निदान त्यांना सांगून तरी यावं.

फाटकाशी सायकल लावत होतो तेव्हा आतून मुलाचा स्पीकरवरचा आवाज ऐकू आला. मग काकांचा. "लोकं बसले हायेत रे. नंतर कर."

मी पोर्चमध्ये गेलो. पाटावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, ताटली होती, बाटली होती. चारही खुर्च्या रिकाम्या होत्या.

मी परत फिरायला हवं होतं. पण मी बसलो आणि ग्रीसचं सगळं सांगितलं. ट्यूब खिशात होती तीही दाखवली. त्यांनी ट्यूब हातात घेतली, झाकण काढून बोटावर थोडं घेतलं, अंगठ्यानं चोळलं, वास घेतला.

"चांगलं हाय," म्हणाले. मग म्हणाले, "ग्रीस मले मालूम नाही असं वाटलं का तुले, टाइम ऑफिस? एकतीस वर्ष मी मिलमधी ग्रीसच भरलं."

"मग रिलात कावून नव्हते भरत, काका?"

त्यांनी बोट वर्तमानपत्राला पुसलं. बराच वेळ पुसत होते.

"ग्रीस भरलं का मानूस वर्षभर येत नाही. पातळ तेल दोन महिन्यात उडून जाते."

एवढंच. आवाजात राग नव्हता. मिलमधली एखादी माहिती सांगावी तसं सांगितलं, आणि चहा ठेवायला आत गेले.

घरी येताना मी मनातल्या मनात ते सगळं मागं फिरवून पाहिलं. पाऊण तास भिजणारं बेअरिंग. न पटणारा आवाज. बनियनच्या खिशातली रिंग. मला स्वतःला फार हुशार समजायची सवय आहे, तेव्हा ही मोजणी काही सुखाची नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग रील नसताना जायचं. मीही तेच म्हणालो. पुढच्या रविवारी हात हलवत गेलो. काकांनी माझ्या हातांकडे पाहिलं. काय आनलं, विचारलं. काही नाही, सहज आलो, म्हणालो. मग आम्ही दोघं बसलो. त्यांनी मजल्याचं काम कुठवर आलं ते विचारलं, मी सांगितलं. मी उन्हाबद्दल बोललो, ते हो म्हणाले. हातात बेअरिंग असताना हाच माणूस दोन-दोन तास बोलत होता आणि मीही बोलत होतो. आता दोघांनाही आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना. दहा मिनिटांत तेच म्हणाले, तुले काम असन, जाय. आमच्यासारख्या माणसांना एकमेकांकडे जायला काहीतरी बिघडलेलं लागतं.

टँकवर मी एकेकाला सांगून पाहिलं, काकांकडे रील नेऊन दाखवा. सगळे म्हणाले, अरे पण मक्खन चालतंय, तूच तर भरलंस. खरं कारण सांगायची माझी हिंमत झाली नाही. ते सांगणं म्हणजे त्यांना चार लोकांत उघडं करणं झालं असतं.

तेव्हा मी माझ्या स्वभावाला शोभेल असा उपाय काढला. घरापुढं बांधकामाची रेती पडलेली होती. चिमूटभर घेतली, रीलचं झाकण उघडलं, आत टाकली आणि हँडल पन्नास वेळा फिरवलं. दळण दळल्यासारखा आवाज यायला लागल्यावर ते घेऊन सेक्टर ६ गाठलं. चेहरा शक्य तेवढा दुःखी केला. काय झालं कोणास ठाऊक काका, टँकवर पडलं, म्हणालो.

काकांनी हँडल एकदाच फिरवलं. उघडलं. ताटलीत थोडं झटकलं आणि ते कण बोटानं पसरून पाहिले.

"टँकच्या काठाले मुरूम हाय, टाइम ऑफिस. हे नदीची रेती हाय. तुह्या घरची."

खांदे हलले नाहीत. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी न ऐकल्यासारखं केलं आणि कामाला लागले. त्या दिवशी बेअरिंग दहा मिनिटांतच भिजलं. तीन पेट्रोल, वाळवण, खराट्याची काडी, टिचकी. पण छर्ऱ्यांवर खोल ओरखडे पडले होते, आवाज यायचा तो येतच राहिला. ते आत गेले, कुठल्याशा डब्यातून दुसरं बेअरिंग आणलं, मापाचं निघालं. मग म्हणाले, ट्यूब दे.

मी दिली. रील खोलणारा हा माणूस ग्रीस भरताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. सुईनं नाही, बोटानं. अंगठ्यानं एका बाजूनं दाबत गेले आणि दुसऱ्या बाजूनं छर्ऱ्यांमधून ते सारखं वर येत गेलं, एकही जागा कोरडी राहिली नाही. मोबाईलवरच्या कोणालाही असं येत नव्हतं. बोटं त्या वेळी थरथरत नव्हती. रिंग बसवली, झाकण लावलं, रील कपड्यानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"आता वर्षभर पाहू नको," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "अशी रेती नको टाकत जाऊ. त्या रिलानं काय केलं तुह्यं?"

पुढच्या महिन्यात कळलं की काका पुण्याला जायला तयार झाले. मुलगा येऊन क्वार्टर सोडल्याचे कागद प्लँटच्या ऑफिसात देऊन गेला. निघायचा दिवस कोणता, हे काकांनी कोणाला सांगितलं नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते टँकवर, जिथं ते कधी येत नसत. मी त्या सकाळी नेहमीच्या जागेवर नव्हतो. पलीकडच्या काठाला मासे जास्त लागतात असं मोबाईलवर कोणीतरी ठासून सांगितलं होतं, म्हणून एकटाच तिकडं जाऊन बसलो होतो. समोरच्या काठावर एक सायकल थांबली. माणूस उतरला. आज इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, म्हणून आधी ओळखलं नाही. चष्म्याची दोरी मानेवर दिसली तेव्हा ओळखलं.

ते पहिल्या माणसापाशी गेले. त्यानं काहीतरी सांगितलं, रील दाखवलं. काका खाली वाकले, हँडल फिरवून कान जवळ नेला, मान हलवली आणि पुढच्याकडे गेले. तिथंही तेच. साहूपाशी थोडे जास्त थांबले. साहेब उठून उभे राहिले, काकांनी त्यांना हातानं बसा म्हटलं, वाकून ऐकलं, पुढं निघाले. काहीच बिघडलेलं नव्हतं. मी सगळं इतकं चांगलं भरलं होतं. शेवटी ते माझी बसायची जागा होती तिथं आले. तिथं कोणी नव्हतं. ते तिथं उभे राहिले. पाण्याकडे पाहत नव्हते, खाली जमिनीकडे पाहत होते.

मी हाक मारली. वारा माझ्याच तोंडावर येत होता. तार गुंडाळायला लागलो, तर ती मध्येच कुठंतरी गवतात अडकली. तोडली, काठी तिथंच टाकली आणि काठाकाठानं निघालो. टँकला वळसा घालायला वीस मिनिटं लागतात, मी धावलो तरी पंधरा लागली असतील.

साहू एकटाच मला धावत येताना पाहत होता.

"अभी गए," तो म्हणाला. "आपको पूछ रहे थे. मैंने बोल दिया, आज आए नहीं."